मागची चाकं सुटतात तेव्हा

पहिला पाऊस पडला की या सदराच्या टपालात एका जातीची पत्रं वाढतात: गाडी फिरली, का फिरली, आणि त्या दोन सेकंदांत काय करायला हवं होतं? यंदा त्यांत जास्त ताकदीच्या गाड्यांचे मालक बरेच आहेत. एकसारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझी सेडान ३४० हॉर्सपॉवरची, ऑटोमॅटिक, मागच्या चाकांना ताकद जाणारी आहे. भुरभुर पावसात चौकातून उजवीकडे वळून बाहेर पडताना जरा जोरात रेस दिली. मागचा भाग डावीकडे निघाला. ऐकलं होतं तसं स्टेअरिंग डावीकडे मारलं. गाडी सरळ झालीसं वाटलं आणि त्याच क्षणी ती उलट बाजूला, आधीपेक्षा जोरात फिरली. थांबलो तेव्हा तोंड आलो त्या दिशेला होतं. माझं काय चुकलं? (पुणे)

उत्तर : स्टेअरिंग मारलंत ते बरोबर होतं. परत आणायला उशीर झाला.

मागचा भाग बाहेर जातो तेव्हा स्प्रिंग आणि टायरच्या भिंती एका बाजूला दाबल्या जातात. मागच्या टायरांना पुन्हा पकड मिळाली की हा दाब सुटतो आणि गाडीचं अंग दुसऱ्या बाजूला कलंडतं. त्याच वेळी पुढची चाकं अजून उलट वळलेली असतील, तर गाडी चाकं दाखवतात तिकडे झेप घेते. पहिल्या हेलकाव्याचा जोर आणि तुम्ही दिलेल्या वळणाचा जोर एकत्र होतात, म्हणून दुसरा हेलकावा मोठा. शिकवणारे लोक पहिल्यापेक्षा या दुसऱ्यालाच जास्त घाबरतात.

आता क्रम. आधी डोळे: गाडीचं नाक कुठे आहे ते बघायचं नाही, आपल्याला जायचंय त्या रस्त्याच्या टोकाकडे बघायचं. हात डोळ्यांमागे जातात. खांबाकडे बघितलं की खांबावरच जातो, ही काही म्हण नाही, दर प्रशिक्षणात दिसणारी गोष्ट आहे.

मग पाय. मागच्या चाकांच्या गाडीत रेसमुळे घसरण झाली असेल तर रेस पटकन कमी करायची, पण झटक्यात शून्य नाही. पाय पूर्ण उचलला की इंजिनचा ब्रेक आधीच घसरणाऱ्या मागच्या चाकांवर बसतो आणि वजन पुढे पळतं. ब्रेकला तर हातच लावायचा नाही, म्हणजे पाय. टायरची पकड महिन्याच्या पगारासारखी असते: वळण, ब्रेक, रेस या तिघांची देणी त्यातूनच भागवायची. सगळा पगार वळणात गेलेला असताना ब्रेक मागायला गेलात तर वळणाचे पैसे जातात.

मग हात, आणि खरी मेख इथे आहे. बहुतेक गाड्यांत स्टेअरिंग सुमारे १५ अंश फिरलं की पुढचं चाक १ अंश वळतं. मागचा भाग १२ अंश बाहेर गेला, तर पुढची चाकं मूळ दिशेकडे रोखायला स्टेअरिंग मध्यापासून १८० अंश, म्हणजे अर्धा फेरा, उलट हवं. तेही अर्ध्या सेकंदाच्या आसपास. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर असतील तर पकड न सोडता हे जमतं. एका हाताने, खिडकीत कोपर टाकून, नाही. बोटं जरा सैल ठेवलीत तर स्टेअरिंग स्वतःच घसरणीच्या दिशेने पळू लागलेलं जाणवेल. पुढच्या चाकांची ठेवणच तशी असते. त्याला अडवायचं नाही, फक्त वेग द्यायचा.

नंतर थांबायचं, क्षणभरच. मागचा भाग बाहेर जायचा थांबला हे डोळ्यांच्या आधी बैठकीला कळतं. तो थांबला त्याच क्षणी स्टेअरिंग परत आणायला सुरुवात, मारलं त्याहूनही वेगाने. तुम्ही गाडी सरळ ‘दिसेपर्यंत’ थांबलात. तोवर गाडी परतीच्या प्रवासाला लागलेली असते.

एक शंका: गाडी स्पोर्ट मोडमध्ये होती का? स्थिरता नियंत्रण (गाडी घसरू लागली की तिला आपोआप आवरणारी व्यवस्था) पूर्ण चालू असतं तर भुरभुर पावसातली ती जादा रेस त्याने बहुधा कापून टाकली असती.

प्रश्न : गाडी सावरणार नाही हे कधी मान्य करायचं? आणि मग करायचं काय? (कोल्हापूर)

उत्तर : स्टेअरिंग टोकाला पोचलं आणि मागचा भाग अजून बाहेर जातोच आहे, म्हणजे हिशेब संपला. पुढची चाकं साधारण ३५ अंशांच्या आसपास वळतात. गाडी त्यापलीकडे गेली की त्यांना मूळ दिशेकडे रोखणं शक्यच नसतं. प्रत्यक्षात ती वेगाने फिरत असेल तर त्याच्या बरंच आधी हातची जाते.

तिथून पुढे दोन्ही पाय खाली: क्लच पूर्ण, ब्रेक पूर्ण. अर्धवट नाही. ऑटोमॅटिकमध्ये फक्त ब्रेक, जीव खाऊन. स्टेअरिंगमागे गिअर बदलायचे पॅडल असलेल्या बऱ्याच गाड्यांत दोन्ही पॅडल एकदम ओढले की न्यूट्रल होतो, पण ते साधलं नाही तर शोधत बसू नका.

ब्रेक गच्च असला की गाडी फिरत राहते, पण फिरत फिरत साधारण एकाच रेषेत पुढे जाते. ट्रॅकवर मागून येणाऱ्याला तुम्ही कुठे पोचणार याचा अंदाज येतो आणि तो वाट काढतो. मध्येच ब्रेक सोडला तर चाकं फिरू लागतात, पकड घेतात, आणि त्या क्षणी नाक जिकडे असेल तिकडे गाडी सुटते. आतल्या भिंतीला लागलेल्या कित्येक गाड्या अशा ‘आता सावरली’ म्हणून ब्रेक सोडल्यावर लागलेल्या असतात. गाडी जागेवर उभी राहिल्याशिवाय पाय काढायचा नाही.

क्लच कशासाठी? गाडी उलटी सरकताना गिअर अडकलेला असेल तर इंजिन बंद पडतं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची आणि स्टेअरिंगची मदत गेली, आणि ट्रॅकच्या मधोमध पुन्हा सुरू करायची धांदल. अंगठे स्टेअरिंगच्या आत अडकवू नका; पुढचं चाक कशाला आपटलं तर स्टेअरिंग झटका मारतं आणि अंगठा मोडतो.

प्रश्न : माझी हॅचबॅक पुढच्या चाकांना ताकद जाणारी, टर्बो, छोटी पण चपळ. पुढच्या चाकांच्या गाड्या फक्त नाकाने घसरतात असं वाचलं होतं. कसारा घाट उतरताना वळणात वेग जास्त वाटला म्हणून रेस सोडली, तर मागून सुटली! (नाशिक)

उत्तर : अर्धंच वाचलंत. रेस दाबून ठेवली तर ती नाकाने घसरते. रेस सोडली तर शेपटीने.

आकड्यांत बघा. १३०० किलोची गाडी, वजनाचा मध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर, पुढच्या-मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर. रेस सोडून आणि थोडा ब्रेक लावून गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पट मंदावलात, तर ८० किलोहून जास्त भार मागून पुढे जातो. अशा गाडीत मागच्या धुऱ्यावर मुळात ५०० किलोच्या आत भार असतो. म्हणजे सहावा हिस्सा उडाला, तोही वळणात, जेव्हा मागच्या टायरांना तो हवा होता. कडक ब्रेक मारलात तर जवळजवळ निम्मा जाईल. शिवाय उतार, तो आधीच वजन पुढे ढकलतो आहे.

इलाज मनाविरुद्धचा आहे: स्टेअरिंग उलट आणि रेस हलकेच पुन्हा द्यायची, म्हणजे वजन मागे बसतं आणि पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. मागच्या चाकांच्या गाडीवाल्यांनी हे उत्तर वाचून विसरावं. आणि खरा इलाज वळणाच्या आधीचा: वेग सरळ रस्त्यावर कमी करून वळणात स्थिर पायाने शिरायचं.

प्रश्न : पहाटे ताम्हिणी घाट रिकामा असतो. तिथे सराव करावा का? (पिंपरी)

उत्तर : नाही. दूधवाला असतो.

प्रश्न : मग शिकायचं कुठे? ट्रॅकवर एकदम जोरात जाऊन शिकता येतं का? (ठाणे, सोलापूर, पणजी)

उत्तर : घसरण शिकायला वेग लागत नाही, घसरडी जमीन लागते. १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कोरड्या चांगल्या डांबरावर गाडी सुमारे ४१ किमी वेगाला सुटेल. तेच वर्तुळ गुळगुळीत आणि पाण्याने भिजवलेलं असेल आणि पकड एक तृतीयांश झाली, तर २४ किमीलाच सुटेल. घसरण तीच, हालचाली त्याच, पण सगळं सावकाश घडतं, डोकं जागेवर राहतं, टायर झिजत नाहीत आणि चुकलात तर प्लास्टिकचा कोन उडतो. अशा मैदानाला स्किडपॅड म्हणतात. ते नसेल तर काही ठिकाणी मागच्या चाकांवर कडक प्लास्टिकची कडी चढवतात, किंवा गाडीखाली हायड्रॉलिक सांगाडा बसवून हवं ते चाक थोडं उचलून हलकं करतात.

आपल्याकडून जवळ म्हणावेत असे रेसिंग ट्रॅक दक्षिणेत: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई आणि कोइंबतूरचा कारी. उत्तरेत ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, ५.१२५ किमीचा, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनची भारतीय ग्रां प्री झाली. तिथल्या प्रशिक्षणाला पैसे भरण्यापूर्वी एकच विचारा: ओल्या जमिनीवर गाडी मुद्दाम सोडायला देता का? नुसत्या वेगाच्या फेऱ्या मारून देणार असतील तर मजा येईल, पण घसरण शिकणार नाही.

पहिल्या दिवसाचा आमचा क्रम असा. डिकी रिकामी; स्टेपनी पक्की बांधलेली, पाण्याच्या बाटल्या आणि सुटा जॅक बाहेर. पायाखाली लोळत आलेली बाटली ब्रेकच्या मागे अडकते. सीट अशी की पाठ टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या माथ्यावर पोचावं आणि ब्रेक तळाला दाबूनही गुडघा थोडा वाकलेला राहावा. टायरचा दाब थंड असताना मोजायचा, दारावरच्या पट्टीवर लिहिलाय तेवढाच.

मग वर्तुळात १५ किमीपासून सुरुवात, दर फेरीला एक-दोन किमी वाढवत. कधीतरी नाक बाहेर जायला लागेल आणि स्टेअरिंग एकदम हलकं लागेल. इथे प्रत्येक जण आणखी वळवतो, आणि काहीच होत नाही. उलट थोडं सोडा, रेस कमी करा, नाक परत येतं. हे अंगवळणी पडेपर्यंत मागचा भाग मुद्दाम सोडू नका. त्यानंतर, मागच्या चाकांच्या गाडीत, स्थिरता नियंत्रण बंद, दुसरा गिअर, स्थिर वर्तुळात रेसचा एक ठोका, आणि वर सांगितलं ते सगळं: बघणं, सोडणं, फिरवणं, थांबणं, परत आणणं. पहिल्या दहा वेळा गाडी फिरेल. प्रत्येक वेळी दोन्ही पाय खाली, तोही सरावच. वीस मिनिटांनी दुसऱ्याला गाडी द्या, कारण दमलेले हात उशीर करतात आणि उशिराचीच सवय लागते.

प्रश्न : स्थिरता नियंत्रण असताना हे सगळं शिकायचं कशाला? (अमरावती)

उत्तर : प्रश्न वाजवी आहे. १९९५ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासमध्ये बॉशसोबत घडवलेली ही व्यवस्था आली, आणि तिने वाचवलेले बहुतेक चालक आपण वाचलो हे जाणतही नाहीत. स्टेअरिंग किती वळलंय, गाडी उभ्या अक्षाभोवती किती वेगाने फिरतेय, बाजूला किती ढकलली जातेय आणि चारही चाकांचे वेग, एवढं ती सतत ताडून बघते. मागचा भाग सुटला की बाहेरच्या बाजूच्या पुढच्या एकाच चाकाला ती ब्रेक लावते. नाक घसरलं की आतल्या बाजूच्या मागच्या. एका चाकाला वेगळा ब्रेक कुठल्याच माणसाला लावता येत नाही.

पण पकड ती निर्माण करत नाही, आहे ती वाटते. वळणाला पकडीपेक्षा जास्त वेगाने शिरलात तर ती तुम्हाला छान सरळ तोंडाने दरीत नेईल. शिवाय तिला स्टेअरिंगवरून कळतं की तुम्हाला कुठे जायचंय. घाबरून चाक भलतीकडे वळवलंत तर ती इमानाने तिकडेच न्यायला बघते. रस्त्यावर ती चालूच ठेवा. बटण थोडं दाबलं तर बऱ्याच गाड्यांत फक्त चाक जागेवर गरगरण्यावरचा लगाम सैल होतो, काही सेकंद दाबून धरलं तर पूर्ण बंद. तुमच्या गाडीत काय होतं ते पुस्तिकेत बघूनच मैदानावर जा.

प्रश्न : जर्मनीत नोकरीला आहे. इथल्या सुरक्षा प्रशिक्षणात जमिनीतली एक पट्टी मागची चाकं बाजूला ढकलते. तीन प्रयत्न सावरले, वेग थोडा वाढवल्यावर एकही नाही. एवढा फरक का? (श्टुटगार्ट)

उत्तर : पट्टी ढकलते तेवढीच, पण पुढची ओली जमीन तुम्ही लवकर पार करता आणि सावरायला तेवढाच कमी वेळ उरतो. शिवाय वेगाची ऊर्जा वर्गाने वाढते: ३५ चे ४५ किमी झाले की ती दीडपटीहून जास्त. ती पट्टी डावीकडे ढकलेल की उजवीकडे हे आधी कळत नाही, यातच तिचा उपयोग आहे; बरेच जण अंदाज बांधून हात आधीच वळवतात. हात मध्यावर, नजर दूरच्या कोनावर, आणि ढकलल्यावर लगेच हालचाल. तिथल्या थंडीबद्दल एक गोष्ट: उन्हाळी स्पोर्ट टायर सुमारे ७ अंशांच्या खाली कडक होऊन पकड सोडतात. नोव्हेंबरच्या सकाळी गाडी फिरली तर आधी टायर कुठले आहेत ते बघा.

प्रश्न : जुनी पोर्श ९११ घेण्याचा विचार आहे. ती ‘मालकाला मारते’ असं सगळे म्हणतात. (मुंबई)

उत्तर : १९६३ मध्ये ही गाडी लोकांसमोर आली तेव्हापासून तिचं इंजिन मागच्या धुऱ्याच्याही मागे आहे. लांब दांड्याच्या टोकाला डोकं असलेल्या हातोडीसारखं: फिरायला लागेपर्यंत वेळ घेतं, लागल्यावर थांबवायला जोर लागतो. वळणात दचकून रेस सोडली की हातोडी फिरलीच. कंपनीलाही हे ठाऊक होतं. १९६९ च्या मॉडेलपासून दोन धुऱ्यांमधलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवून २२६८ केलं. १९७५ ची २६० हॉर्सपॉवरची टर्बो आणखी अवघड, कारण रेस दाबल्यावर ताकद उशिरा यायची. वळणाच्या मध्यावर दाबलेलं पेडल बाहेर पडायच्या आधी एकदम पावायचं, चालक घाबरून पाय काढायचा, आणि पुढचं वर सांगितलंच.

तरी आमचं मत: मागे वजन असल्यामुळे वळणातून निघताना तिच्याइतकी पकड फार थोड्या गाड्यांना असते. ब्रेक सरळ रेषेत संपवा, वळणात रेस हलकी पण चालू ठेवा, आणि एकदा आत शिरल्यावर मन बदलू नका. इंजिन मधोमध असलेल्या गाड्यांत उलट अडचण: वजन मध्याजवळ असल्याने त्या पटकन फिरू लागतात आणि इशारा जवळजवळ देत नाहीत.

प्रश्न : सिम्युलेटरवर सराव उपयोगी पडतो का? (नागपूर)

उत्तर : हातांसाठी हो. स्टेअरिंगला जोर जाणवणारी मोटर असेल तर परत आणण्याची वेळ चांगली बसते. बैठकीतून येणारी खबर मात्र तिथे मिळत नाही, सगळं डोळ्यांवर चालतं, म्हणून खऱ्या गाडीत सुरुवातीला हात उशिरा पडतात.

प्रश्न : दोनच टायर नवे घ्यायचे आहेत. टायरवाला म्हणतो पुढे लावा. (सांगली)

उत्तर : मागे लावा, गाडी कुठल्याही चाकांची असो. पुढची पकड कमी पडली तर गाडी सरळ जाते, आणि रेस सोडणं तुम्हाला आपसूकच सुचतं. मागची कमी पडली तर ती फिरते. बऱ्याच ताकदवान गाड्यांत मागचे टायर रुंद असतात, त्यामुळे पुढे-मागे अदलाबदल होतच नाही आणि मागचे आधी गुळगुळीत होतात. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर खाचेची. पावसाळ्यात आम्ही ३ च्या खाली जाऊ देणार नाही.

प्रश्न : समृद्धीवर जोरदार पावसात गाडी अचानक हलकी झाली, इंजिनचे फेरे वाढले, मग एकदम झटका बसून वाकडी झाली. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : टायर पाण्यावर तरंगले. नासाने विमानाच्या टायरसाठी बसवलेल्या सूत्रानुसार गुळगुळीत टायर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो: ३२ पीएसआयला सुमारे ९४ किमी, २५ ला ८३. मोटारीच्या टायरला ढोबळ अंदाज म्हणून चालेल. खोल खाचा हा आकडा वर नेतात, रुंद टायर खाली. त्या रस्त्यावर १२० ची मुभा कोरड्यासाठी समजा.

झटका का बसला? तरंगताना तुम्ही स्टेअरिंग थोडं वळवलं असणार. तेव्हा त्याचा परिणाम शून्य, पण पकड परत आली त्या क्षणी चाकं वाकडी होती. तरंगताना स्टेअरिंग सरळ धरून रेस हळूहळू काढायची, ब्रेक नाही, आणि क्रूझ कंट्रोल पावसात मुळात लावायचाच नाही.

प्रश्न : गाडी फिरून ट्रॅकबाहेर गवतात, खडीत गेली पण कुठे आपटली नाही. काय तपासावं? (पुणे)

उत्तर : आधी खाली वाकून बघा. सुकं गवत सायलेन्सरच्या गरम भागाला चिकटलं असेल तर पेट घेतं, म्हणून गवतावर गाडी चालू ठेवून उभे राहू नका. मग टायर आणि रिम यांच्या फटीत खडी किंवा माती शिरलीय का बघा. आडवं घसरताना टायरची कड क्षणभर उघडते आणि नंतर त्या चाकातून हवा हळू हळू जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरचा दाब पुन्हा मोजा. ब्रेकची तबकडी आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात एक खडा अडकला तरी कर्कश करकर ऐकू येते. चाक काढून तो काढावा लागतो. परतताना ८० ते १०० च्या दरम्यान स्टेअरिंग थरथरलं तर टायरला एका जागी सपाटी आलीय. ती बॅलन्सिंगने जात नाही, टायरच बदलावा लागतो.